नावं खाणारी शाई

सर,

तुम्ही गेलात त्याला आज सहावा दिवस आणि माझ्या तोंडाची तुरट चव काही जात नाही. चहा तुरट लागतो, भाकरी तुरट लागते. परवा घरात मुद्दाम गुळाचा शिरा केला, तर तोही जिभेवर ठेवल्याबरोबर तोंड आवळून आलं, हिरडा चघळल्यावर येतं तसं. दोन वर्षं झाली मी हिरड्याला हात लावलेला नाही. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवून या. काय सांगू मी डॉक्टरला?

उद्या रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "दस्तगीर, तुम्ही मेढेकरांचे सगळ्यात जुने सहकारी. दहा मिनिटं बोला." बाकीचे तुमच्या पदव्या सांगतील. संस्थानच्या जुन्या पागेत, घोडे बांधायच्या जागी, तुम्ही प्रयोगशाळा कशी उभी केली ते सांगतील. गावातल्या पोरांना संशोधनाच्या पदव्या कशा मिळवून दिल्यात ते सांगतील. आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणतील, की शाईच्या कारखान्यात दुर्दैवानं अपयश आलं, पण चूक कोणाकडून होत नाही. तिथंच माझं डोकं फिरणार आहे. कारण त्या शाईनं कचेऱ्यांतल्या वह्यांमधली नावं का खाल्ली, हे अख्ख्या कोल्हापुरात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस तुम्ही नव्हता. मी होतो. तुम्हाला दोन वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. आता सांगतोय.

पण आधी थोडं मागचं बोलू द्या. एकदम मुद्द्यावर यायला मला कधी जमलं नाही, तुम्हीच म्हणायचात.

संस्थान विलीन व्हायच्या आदल्या वर्षी तुम्ही मलकापुरात आमच्या अब्बांच्या वखारीत आला होता. कोट, टोपी, धोतराला रस्त्याची लाल धूळ. हिरड्याच्या पोत्यावर बसलात आणि एकेक हिरडा उचलून दातानं फोडून चघळायला लागलात. अब्बांना वाटलं, माणूस खुळा हाय. मी इंटरला होतो, सुट्टीला घरी आलेलो. मी म्हणालो, "तो नका खाऊ, तो गेल्या सालचा हाय." तुम्ही विचारलंत, "तुला कसं कळलं?" मी म्हणालो, "तुमच्या तोंडाकडं बघून. नव्या हिरड्याला तोंड असं होत न्हाय." तुम्ही थुंकलात, हसलात, आणि मला डोळे मिटायला सांगून दहा हिरडे चाखायला लावलेत. शाहूवाडीच्या डोंगरातला कुठला, गारगोटीकडचा कुठला, पाऊस लागलेला कुठला, सगळं मी बरोबर सांगितलं. मग तुम्ही अब्बांना म्हणालात, "ह्याची जीभ मला द्या." अब्बा म्हणाले, "न्ह्या की. पर ती लई चालती, तेवढं बघा."

तशी माझी नोकरी लागली. जिभेवर लागली, सर. हे तुम्ही चारचौघांत इतक्या वेळा सांगितलंत की मला त्याचा माज चढला.

शाई आपली साधीच. हिरड्याचा काढा, त्यात हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, डिंक, थोडं ॲसिड, आणि लिहिताना अक्षर दिसावं म्हणून निळा रंग. खरा काळा रंग नंतर येतो. हवा लागली की दुसऱ्या दिवशी अक्षर काळं होतं आणि कागदात मुरतं. ॲसिड कमी पडलं तर बाटलीत गाळ बसतो. जास्त पडलं तर शाई कागद खाते. सगळा खेळ त्या ॲसिडचा होता, आणि हिरडा म्हणजे काही मीठ नव्हे, पोत्यापोत्याला कस वेगळा. म्हणून तुमच्या सूत्रातलं माप घालून झालं की शेवटचे थेंब मी चाखत चाखत अंदाजानं टाकायचे.

प्रयोगशाळेतल्या वहीसाठी तुम्ही निळा रंग न घातलेली शाई वेगळी ठेवायचात. कोरी शाई म्हणायचो आपण तिला. पातळ चहासारखी दिसायची आणि कागदावर वाळली की जवळजवळ दिसायचीच नाही. दुसऱ्या दिवशी उमटायची. निरीक्षणं त्याच शाईनं लिहायची, असा तुमचा नियम. "जे दिसलं ते लिही आणि पुढं जा. कालचा आकडा डोळ्यांसमोर असला की हात आपोआप त्याच्याशी जुळवून घेतो." नवीन विद्यार्थी घाबरायचे. दिवसभर लिहायचं आणि वही कोरीच दिसायची. सकाळी उघडली की भरलेली. एक मुलगी मला म्हणाली होती, सर, रात्रीतनं कोणीतरी लिहून गेल्यासारखं वाटतं हो. मी हसलो होतो तिला.

कॉलेजातले इतर प्राध्यापक तुम्हाला शाईवाले मास्तर म्हणायचे. प्राध्यापकानं कारखाना काढणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "संशोधन कपाटात ठेवलं की त्याला कसर लागते. बाजारात गेलं की लोक शिव्या देत देत ते सुधारून देतात." उद्यमनगरात दोन फाउंड्रींच्या मधे शेड घेतली. रतनशेठनी विक्री सांभाळली, मी शाई, आणि तुम्ही सकाळी पागा, दुपारी शेड. कोल्हापूरला आपलं विद्यापीठ व्हावं म्हणून जी कमिटी फिरत होती, तिच्या प्रत्येक बैठकीला तुम्ही आपल्या शाईची बाटली घेऊन जायचात. टेबलावर ठेवायचात आणि सांगायचात, की विद्यापीठातल्या प्रत्येक खात्याच्या शेजारी एक तरी कारखाना पाहिजे. लोक म्हणायचे मेढेकर स्वप्नं बघतात. बघत होताच. पण बाटली खरी होती.

आता भांडायचं ते भांडून घेतो. तुम्ही गेलात म्हणून सोडणार नाही. प्रयोगशाळेत ॲसिड मोजायला ब्युरेट होती, आकडे कोरलेली काचेची नळी. शेडमधे का नव्हती? मी एकदा विचारलं, तर रतनशेठांच्या समोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "ही जीभ आहे तोवर ब्युरेट कशाला?" मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. एवढा मोठा माणूस, आणि अख्खा कारखाना त्यानं माझ्या जिभेवर ठेवला. पण सर, असं करायला नको होतं तुम्ही. माणसाच्या जिभेवर एवढं ओझं टाकू नये. ही एक गोष्ट तुमची चुकली असं मी आजही म्हणतो, आणि बाकी सगळं माझं.

रमजानमधे शाई करायची नाही, हा नियम तुम्हीच घातला होतात. मी मागितला नव्हता. पहिल्याच वर्षी म्हणालात, "तुझी जीभ महिनाभर अल्लाची. आपण बाटल्या धुऊ." मला त्या दिवशी रडू आलं होतं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी पिंपामागं गेलो होतो.

पाच वर्षांपूर्वी रोजे आले ते ऐन वैशाखात. तुम्ही विद्यापीठाच्या कामासाठी मुंबईला. कॉलेजला सुट्टी. आणि रतनशेठ सरकारी मागणी घेऊन आले. कितीतरी तालुक्यांच्या कचेऱ्या, जन्ममृत्यूच्या वह्या, पावसाळ्याच्या आत माल पाहिजे. तुमचं आणि त्यांचं सगळ्या आयुष्याचं वाट बघणं त्यात होतं. सरकारी दप्तरात आपली शाई. मी हो म्हणालो.

काढा झाला, हिराकस पडला, डिंक पडला. माझा रोजा, आता चाखायचं कोणी? शिदूमामा शेडमधे मदतीला आले होते. प्रयोगशाळेतले आपले शिदूमामा, सगळ्यांना सांगायला पाहिजे म्हणून सांगतो, पागेत घोड्यांना खरारा करायचे, पागेची प्रयोगशाळा झाली तसे तेही घोड्यांकडून काचेकडं आले. त्यांच्या गालात सकाळपासून तंबाखूची गोळी. मी म्हणालो, "मामा, एवढं बघा जरा." त्यांनी गोळी गालातल्या गालात सरकवली, काडीला लागलेला थेंब जिभेला लावला. म्हणाले, "आंबाट न्हाय." मी आणखी ओतलं. "अजून न्हाय." आणखी ओतलं. "न्हाय बाबा, घाल की जरा हात सैल सोडून." तिसऱ्यांदा ओतलं. मग ते म्हणाले, "आता झ्याक हाय."

चाळीस वर्षं तंबाखू खाल्लेल्या जिभेला काय आंबट आणि काय तुरट. मला कळत होतं, सर. ओतताना हात जरा थांबला होता माझा. शिदूमामांचा यात काडीचा दोष नाही, हे मी उद्याही सांगणार आहे.

आणि उपाय नव्हता असंही नाही. पागेची चावी शिदूमामांच्याच कनवटीला होती. उद्यमनगरापासून पागेपर्यंत चालत किती, वीस मिनिटं. कपाट उघडून ब्युरेट आणली असती तर अर्ध्या तासात खरं माप कळलं असतं. नाही आणली. उन्हामुळे नाही, रोज्यामुळे नाही. एकदा का शेडमधे ब्युरेट आली, आणि तिच्यावर माल बरोबर उतरला, की माझ्या जिभेची काय किंमत राहिली? हा विचार मी तेव्हा केला. अगदी याच शब्दांत केला. मग मालाच्या वहीत लिहिलं, "चाखून पास, दस्तगीर," आणि शिक्का मारला.

शाई फार सुंदर झाली होती. एकाही बाटलीत गाळ नाही. तुम्ही मुंबईहून आल्यावर उजेडात धरून बघितलीत आणि म्हणालात, "आजवरची सगळ्यात स्वच्छ."

तीन पावसाळे गेले.

मग एक दिवस पागेत तो म्हातारा आला. एका तालुक्याच्या कचेरीतला कारकून मृत्यूंची वही फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता आणि त्याच्या मागं घोंगडी पांघरलेला म्हातारा. शिदूमामा म्हणाले, "या पावणं, बसा." म्हातारा बसला नाही. कारकुनानं वही उघडली. तारीख होती, गाव होतं, रोग होता, कारण ते रकाने शिक्क्यानं किंवा जुन्या शाईनं भरलेले, नाव तेवढं आपल्या शाईचं. नावाच्या जागी नाव नव्हतं. नावाच्या आकाराचं भोक होतं. अक्षराचं प्रत्येक वळण कागदातनं निघून गेलं होतं आणि तुकडे वहीच्या शिवणीत काळ्या भुशासारखे साठले होते. भोकातून खालच्या पानावरचं कोणाचं तरी नाव दिसत होतं, अर्धंमुर्धं, भलत्याचंच. तुम्ही ते पान उचलून खिडकीसमोर धरलंत. दुपारचं ऊन होतं. टेबलावर उजेडाची अक्षरं पडली आणि तुम्ही पान जरा तिरकं केलंत तशी ती सरकायला लागली.

म्हातारा ती वाचायला वाकला. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "माझ्या ल्योकाचं नाव हुतं की हितं. म्या सोता लिवताना बगितलंया. त्यो मेला त्यो मेलाच. पर आता म्हंत्यात नोंदच न्हाय. म्हंजी त्यो मेलाबी न्हाय आनि जगलाबी न्हाय."

तुम्ही वही पुढं ओढलीत. त्या दिवशी एकशे काहीतरी पानं उलटलीत एकेक करून. मी समोर उभा होतो.

संध्याकाळी मालाची वही काढलीत. पानावर बोट ठेवून विचारलंत, "दस्तगीर, वैशाखातला हा माल तू चाखला होतास ना?"

मी म्हणालो, "हो सर."

एवढंच. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "मग सूत्रातच खोट आहे." माझ्याकडे संशयानं बघितलं असतंत तरी मी बोललो असतो. दरडावलं असतंत तर नक्की बोललो असतो, मी तसला माणूस आहे, आवाज चढला की माझाही चढतो. पण तुम्ही पुन्हा कधी विचारलंच नाहीत. माझा शब्द म्हणजे तुमच्या दृष्टीनं मोजमाप होतं. मोजमापाला कोणी दोनदा विचारत नाही.

मी का बोललो नाही, हे लोक विचारतील. नोकरी होती, दोन मुली होत्या. आणि दुसरी भीती होती. "दस्तगीरनं रोज्यापायी शाई बिघडवली" असं बाजारात झालं असतं आणि मग माझ्यावरच थांबलं नसतं, सगळ्या मोहल्ल्यावर गेलं असतं. ही भीती खरी होती. पण सर, खोटं बोलताना मला ती आठवली नव्हती. ती मी नंतर शोधून काढली. त्या क्षणी मला फक्त तुमचा माझ्या खांद्यावरचा हात आठवला होता.

तुम्ही तुमच्या सहीनं सगळ्या कचेऱ्यांना पत्रं पाठवलीत, की शाईचं सूत्र सदोष आहे, नोंदी ताबडतोब दुसऱ्या शाईनं नकलून घ्याव्यात. शेड बंद केलीत. विद्यापीठाच्या कमिटीचा राजीनामा दिलात. ज्याच्या शाईनं नावं गेली त्यानं विद्यापीठाच्या गोष्टी करू नयेत, असं त्यात लिहिलंत म्हणे. आणि प्रिन्सिपॉलसाहेबांकडे जाऊन मला कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटवून दिलंत. म्हणालात, "ह्याचा काही दोष नाही, ह्याचा संसार उघड्यावर पडू नये."

त्यानंतरची ती दोन वर्षं. सर, मला त्या पागेची भीती वाटायला लागली होती.

तुम्ही सूत्राप्रमाणे पुन्हा शाई केलीत, वेगवेगळ्या पोत्यांची, आणि तिनं कागदांवर लिहायला लागलात. काय लिहायचं? तर कचेऱ्यांनी कळवलेली, गेलेली नावं. जी वाचता आली तेवढी. मी म्हणालो, दुसरं काहीही लिहा, कविता लिहा, पाढे लिहा. तुम्ही म्हणालात, "आपण ज्यांची खाल्ली त्यांचीच लिहायची." पागेत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्यात आणि ते कागद वाळत घातलेत. काही उन्हात, काही पाण्याच्या पिंपावर, काही भट्टीच्या वाफेत. दोनशे, तीनशे कागद. दारं बंद असायची, वारा नसायचा, तरी ते हलायचे. आपल्या अंगाच्या उबेनं हलत असतील, तुम्हीच सांगितलं होतंत तसं. ठाऊक असूनही मी खाली वाकून चालायचो, नावाला डोकं लागू नये म्हणून.

रोज सकाळी तुम्ही एका टोकापासून नावं वाचायचात. अक्षर शाबूत आहे की नाही बघायला. नाव वाचायचं, जरा थांबून निरखायचं, वहीत खूण करायची, पुढचं नाव. वर्गातल्या हजेरीसारखंच ऐकू यायचं ते. एकदा शिदूमामा झाडत होते. तुम्ही कोणा सखू धोंडी म्हणून नाव वाचलंत आणि मामांच्या तोंडून सवयीनं गेलं, "हजर." मी हसायला तोंड उघडलं होतं. मामांचा चेहरा बघून मिटलं. ते म्हणाले, "म्या न्हाय बोललो." तुम्ही पुढचं नाव वाचलंत. मामा त्या दिवसापासून तुमची हजेरी संपल्याशिवाय आत यायचे नाहीत. आता विचारलं तरी म्हणतात, "आवाज माजा हुता, पर म्या बोललो न्हाय."

आणि त्या कागदांपैकी एकाचंही अक्षर गेलं नाही. हे मला दिसत होतं. दोन पावसाळे ते कागद तसेच, अक्षर काळंभोर. दर सकाळी तीनशे साक्षी माझ्यासमोर टांगलेल्या असायच्या आणि तुम्ही मला विचारायचात, "दस्तगीर, हे टिकतं कसं? आपली चाचणीच कुठंतरी खोटी असणार." मी म्हणायचो, "बघू या सर, आणखी एक पावसाळा."

आणखी एक पावसाळा. असं म्हणायचो मी.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी तास संपवून आलो. तुम्ही स्टुलावर बसला होता, कोपर टेबलावर, हातात टाक. कागद सगळे स्थिर होते. तेवढ्यावरून मला कळलं. शिदूमामांना हाक मारली, डॉक्टर आले, तुमच्या घरी जाऊन काकूंना आणलं. तुमच्यासमोरची वही उघडी होती, पान कोरं दिसत होतं. मी ती मिटली आणि कपाटात ठेवली.

बुधवारी, तुमची रक्षा सावडून सगळे पंचगंगेवरून परत गेल्यावर, मी पागेत आलो. दुपारचे दोन वाजले असतील. प्रिन्सिपॉलसाहेबांना तुमच्या शेवटच्या नोंदी पाहिजे होत्या. वही काढून टेबलावर उघडली. शेवटचं पान कोरंच होतं. मी खिडकी उघडली, भट्टीवर धूळ बसली होती ती पुसली, पाच-दहा मिनिटं गेली असतील. परत बघितलं तर पानावर कोणी ओलं बोट ओढल्यासारखी करडी रेघ होती.

कोरी शाई, मिटलेली वही, हवा लागली नाही, म्हणून राहिलेली. रसायन मला ठाऊक आहे. तुम्हीच शिकवलंत. तरी मी वहीला हात लावला नाही. तुम्ही मंगळवारी जळला होतात आणि बुधवारी दुपारी लख्ख उजेडात तुमचं अक्षर माझ्यासमोर उमटत होतं. तुमचा तो तिरका 'क', शिरोरेघ शेवटी वर जाणारी. जे अगोदर लिहिलं होतं ते अगोदर येत नव्हतं. जिथं टाक दाबला होता ते अगोदर येत होतं. शेवटचा शब्द पहिल्यांदा वाचता आला. मी तिथं दोन तास उभा होतो. वही मिटावी असं खूपदा वाटलं. मिटली असती तर बाकीचं आलं नसतं.

चार वाजता सगळं वाचता आलं. "तीनशे चार कागद, सर्व शाबूत. खोट सापडत नाही. म्हणजे ती माझ्यात आहे."

तेव्हापासून तोंड तुरट आहे.

काल मी काकूंकडे गेलो. त्यांनी ते सगळे कागद घरी आणून घेतले होते आणि जमिनीवर एकावर एक रचत होत्या. म्हणाल्या, "ह्यांचं काय करायचं रे? कोणाकोणाची नावं ही. टाकवतही नाहीत." मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वैशाख, शिदूमामा, ब्युरेट, "हो सर." त्या रचत होत्या त्या रचतच राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, "दोन वर्षं हा माणूस जेवताना मधेच थांबायचा. घास हातात धरून मला विचारायचा, अगं, माझं कुठं चुकलं असेल? मला काय कळतंय रसायनातलं. मी म्हणायची, जेवा आधी. आणि तू रोज यायचास. इथं, याच पाटावर बसून माझ्या हातचा चहा प्यायचास."

मी म्हणालो, "काकू, माफ करा."

त्या म्हणाल्या, "मला सांगून मोकळा होऊ नकोस. रविवारी सगळ्यांसमोर सांग. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आवाज खाली आलेला मला चालणार नाही." आणि चहा विचारला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

बरोबर केलं त्यांनी. आधी मला रागच आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, आलो सांगायला हेच खूप. मग घरी चालत येताना राग उतरला. त्यांनी माफ केलं असतं तर मी उद्या नक्की गुळमुळीत काहीतरी बोललो असतो, मला मी ठाऊक आहे. अब्बा म्हणायचे ती जीभ लई चालती, ती नको तिथं चालते आणि पाहिजे तिथं टाळ्याला चिकटते. नोकरी जाईल. बाजारात बोलतील ते बोलतील, मोहल्ल्यातही काही जण म्हणतील गप्प राहायचं होतंस. रतनशेठ पहिल्या रांगेतनं उठून जातील. मुलींना मी आज सकाळी जवळ बसवून सांगितलं. धाकटी म्हणाली, "मग सरांना कधीच कळलं नाही?" नाही म्हणालो.

तुमची मला खूप आठवण येते सर. बोलता आलं असतं अशा किती सकाळी गेल्या, दोन वर्षांच्या रोजच्या सकाळी. तुम्ही ओरडला असतात, कदाचित मला हाकलून दिलं असतंत, आणि आठ दिवसांनी परत बोलावलं असतंत. मग ती बाटली घेऊन तुम्ही पुन्हा कमिटीपुढं जाऊन बसला असतात. तुमचं काम मी थांबवलं. तुमचं जेवण मी कडू केलं. तुम्ही मला पोटच्या पोरासारखं वागवलंत आणि मी तुम्हाला 'खोट माझ्यात आहे' या तुमच्याच शब्दाखाली मरू दिलं.

उद्या हॉलमध्ये हे मोठ्यानं वाचायचं आहे. आवाज टिकावा म्हणून आज एकदा म्हणून बघतोय, पागेत कोणी नाही, दोऱ्याही काढून टाकल्या आहेत. तो माल मी चाखला नव्हता. तुमचं कुठंही चुकलं नव्हतं.